गोळी पोचली; भाकरीचे काय?

एड्स आपल्याकडच्या खेड्यांत शिरला तेव्हा त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. रूप मात्र सगळ्यांना दिसत होते. मुंबईला कामाला गेलेला किंवा ट्रकवर असलेला घरचा कर्ता मुलगा परत येई तो निम्मा होऊन. ताप जाईना, जुलाब थांबेनात, तोंडात पांढरा थर धरल्याने घास गिळवेना. चार-सहा महिन्यांत अंगावरचे मांस जाऊन नुसती हाडे उरत. "पोरगं वाळत चाललंय," एवढेच आई सांगू शके. हेच चित्र १९८५ साली युगांडाच्या राकाई जिल्ह्यातून डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले होते. भारतात या विषाणूचा पहिला पुरावा हाती आला तो १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी सेलप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि त्यांतले सहा नमुने वेल्लोरच्या तपासणीत दूषित निघाले.

त्यानंतरची जवळजवळ अठरा वर्षे आपल्या सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांच्या हाती विषाणूवरचे औषध नव्हते. क्षयाला क्षयाच्या गोळ्या, न्यूमोनियाला कोट्रायमॉक्साझोल, अशक्तपणाला सलाईनची बाटली. बाकी एकच सल्ला: चांगले खायला द्या. ज्या घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला आहे त्या घराला हा सल्ला दिला जात होता.

या आजाराचा चाळीस वर्षांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. औषध आणि अन्न यांना कधी एकमेकांचे पर्याय मानले गेले, कधी वेगवेगळ्या खात्यांत टाकले गेले, आणि दोन्ही वेळा माणसे मेली. आज भारतात गोळी मोफत मिळते. ती गिळायला लागणाऱ्या भाकरीची जबाबदारी मात्र अजून कोणीही पूर्ण अंगावर घेतलेली नाही.

सुरुवातीला तर ताटच वेगळे काढले गेले. ज्या घरात पुरेसे धान्य होते तिथेही बाधित सुनेची ताटवाटी गोठ्यात किंवा मोरीजवळ ठेवलेली असे, आणि उरलेसुरले तिच्या वाट्याला येई. नवरा आधी जाई, त्याच्या दवाखान्यापायी जमीन किंवा दागिने गेलेले असत, आणि 'तूच खाल्लंस त्याला' हा ठपका घेऊन ती माहेरी परते. सरकारही त्या काळात वेगळे वागले नाही. गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला रक्तदानातून लागण उघडकीस आल्यावर १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी उचलले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, पण न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला. त्याने आरंभलेली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था पुढे काम करत राहिली. त्याच वर्षी देशात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, उभी राहिली, पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, आणि सांगलीत 'संग्राम' या संस्थेने वेश्यावस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन काम सुरू केले.

औषधाची गोष्ट वेगळ्या वाटेने चालली होती. १९८७ मध्ये अमेरिकेत एझेडटीला, म्हणजे झिडोवुडिनला, मान्यता मिळाली. एकट्या औषधाला विषाणू काही महिन्यांत पुरून उरतो, हे लवकरच कळले. १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधे एकत्र दिल्याचे निष्कर्ष मांडले गेले. मरणाच्या दारातली माणसे उठून कामाला लागल्याचे पाश्चात्त्य देशांतल्या डॉक्टरांनी पाहिले. पण वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. आफ्रिकेला आणि आपल्याला तो आकडा ऐकण्यापुरताच होता.

तो खाली आला तो मुंबईतून. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी एझेडटी बनवण्याची आपली पद्धत बसवली आणि १९९३ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते औषध बाजारात आणले. पुढे याच कंपनीने स्टॅव्हुडिन, लॅमिवुडिन आणि नेव्हिरॅपिन ही तीन औषधे एका गोळीत बसवली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीचे प्रमुख डॉ. युसूफ हमीद यांनी वर्षाचे औषध ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, 'मेदसाँ सां फ्राँतिए' या डॉक्टरांच्या संघटनेला देऊ केले. जगातल्या औषधांच्या किमतीचा इतिहास या एका प्रस्तावाने बदलला. लाखो आफ्रिकी माणसे आज जिवंत आहेत त्यात भारतीय कारखान्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा.

पण मुंबईत हे औषध तयार होत असताना मुंबईच्याच सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळत नव्हते. मिळू लागले १ एप्रिल २००४ पासून, देशातल्या आठ रुग्णालयांत, जे. जे. हे त्यांतले एक. मधल्या तीन वर्षांत कित्येकांनी पैसे असतील त्या महिन्यात गोळ्या घेतल्या आणि नसतील त्या महिन्यात सोडल्या. अशा तुटक उपचाराने विषाणू औषधाला जुमानेनासा होतो. परवडेल तेवढेच औषध घेण्याची ही शिक्षा गरिबांनी पुढे कित्येक वर्षे भोगली.

याच काळात दक्षिण आफ्रिकेत जे घडले ते आहार आणि एड्स यांविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यायला हवे. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांना एचआयव्हीनेच एड्स होतो हे पटत नव्हते. जुलै २००० मध्ये डर्बनला भरलेल्या जागतिक परिषदेत त्यांनी भाषणाचा भर ठेवला तो दारिद्र्यावर. आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग स्वतः डॉक्टर. विषाणुरोधी औषधे विषारी असल्याची भीती त्या घालत आणि लसूण, लिंबू, बीट, ऑलिव्ह तेल यांची शिफारस करत. गरोदर बाईकडून बाळाला होणारी लागण टाळणारे नेव्हिरॅपिन सर्वत्र उपलब्ध करावे म्हणून 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन'च्या कार्यकर्त्यांना न्यायालयात जावे लागले. २००२ मध्ये घटना न्यायालयाने सरकारला तसा आदेश दिला. तरीही २००६ मध्ये टोरांटोच्या परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या दालनात लसूण, लिंबू आणि बीट मांडलेले जगाने पाहिले. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला: २००० ते २००५ या काळात औषधे वेळेवर न दिल्याने त्या देशात ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे गेली, आणि सुमारे ३५ हजार बाळे टाळता येण्याजोगी लागण घेऊन जन्मली.

हा अपराध अधिक भयंकर वाटतो, कारण त्याचा आधार एक अर्धे सत्य होते. दारिद्र्य खरे होते, भूक खरी होती, उपाशी माणूस लवकर मरतो हेही खरे होते. त्या सत्याच्या आडून औषध नाकारले गेले. आपल्याकडे सरकारने असे केले नाही. पण 'शर्तिया इलाज' म्हणून विकलेली चूर्णे, प्रतिकारशक्ती वाढवणारे डबे आणि एखाद्या बाबाचा पथ्याचा कागद यांवर भिस्त ठेवून गोळ्या सोडलेली माणसे आपल्याही गावांत होती. असे डबे विकणारे आजही आहेत. एचआयव्ही कोणत्याही आहाराने, फळाने, काढ्याने जात नाही, आटोक्यातही येत नाही. तो आटोक्यात ठेवतात त्या रोज, न चुकता घेतलेल्या गोळ्या. ही गोष्ट शंका उरणार नाही इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितल्यावरच अन्नाविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो.

आणि मग अन्नाविषयी बोललेच पाहिजे.

लागण झालेल्या शरीराला जास्त इंधन लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००३ मध्ये मांडलेला अंदाज असा: लक्षणे नसतानाही नेहमीपेक्षा सुमारे दहा टक्के जास्त उष्मांक, आजाराची लक्षणे असताना वीस ते तीस टक्के, आणि वजन घटणाऱ्या बाधित मुलांना पन्नास ते शंभर टक्के. दोन हजार उष्मांकांवर चालणाऱ्या प्रौढाला दहा टक्के म्हणजे दोनशे उष्मांक. मूठभर शेंगदाण्यांत ते मिळतात. तीस टक्के म्हणजे मात्र रोज जवळजवळ एक जेवण जास्त. तेही नेमके अशा वेळी, जेव्हा तोंड आलेले असते आणि पोट काही ठरू देत नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचाही अनुभव बोलका आहे. टांझानियात दार-एस-सलामच्या एक हजारावर गरोदर स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, विषाणुरोधी औषधे मिळण्याआधीच्या काळात, ब, क आणि ई जीवनसत्त्वांनी आजाराची वाढ मंदावल्याचे २००४ मध्ये दिसले. त्याच शहरात औषधे सुरू असलेल्यांना मोठ्या मात्रेत जीवनसत्त्वे देऊन पाहिली तेव्हा नेहमीच्या मात्रेहून अधिक फायदा झाला नाही. उलट यकृताच्या चाचण्या बिघडू लागल्या आणि तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. थोडक्यात, महागड्या बाटल्यांची गरज नाही. गरज आहे ती पोटभर भाकरी, डाळ, उसळ, अंडे, पालेभाजी, दूध यांची; आणि पाणी उकळून घेण्याची, कारण प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला एक जुलाबाची साथ महिन्याभराचे वजन खाऊन टाकते.

फार खंगलेल्या अवस्थेत उपचार सुरू होतात तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो, हे आफ्रिकेतल्या अनेक केंद्रांच्या नोंदींतून सिद्ध झाले आहे. आणि औषध लागू पडले की आणखी एक गोष्ट घडते: भूक परत येते, कडकडून येते. केंद्रावर येणारे लोक हे साध्या शब्दांत सांगतात. गोळी घेतली की भूक लागते. घरात खायला नसेल तर गोळीच नको वाटते. केनियात एल्डोरेटच्या परिसरात 'ॲम्पाथ' या कार्यक्रमाने हे ओळखून स्वतःची शेती केली आणि रुग्णाच्या कुटुंबाला औषधाबरोबर भाजीपाला, धान्य, अंडी देण्याची व्यवस्था लावली. डॉक्टर जसे औषध लिहून देतो तसे तिथे अन्न लिहून दिले जाई.

आपल्याकडच्या एआरटी, म्हणजे विषाणुरोधी उपचारांच्या, केंद्रात सकाळी गेलात तर काय दिसते? रांगेत येणारा प्रत्येक जण आधी वजनकाट्यावर उभा राहतो, आकडा नोंदला जातो. मग काउन्सेलर त्याने आणलेली डबी टेबलावर उपडी करून उरलेल्या गोळ्या मोजतो. शंभरातल्या पंचाण्णवांहून कमी घेतल्या असतील तर विचारपूस होते. कित्येक बायकांकडे डबीच नसते. डबी वाजते आणि तिच्यावरचे लेबल कोणी वाचेल, ही धास्ती. म्हणून केंद्राबाहेरच गोळ्या रुमालाच्या गाठीत किंवा कुंकवाच्या रिकाम्या डबीत जातात. काउन्सेलरच्या प्रश्नांत 'काय खाता?' हाही असतो. उत्तर ऐकून तो 'डाळ, अंडी, हिरव्या भाज्या' असे सांगतो, समोरची बाई मान हलवते, आणि पुढच्याचा नंबर येतो. त्या काउन्सेलरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात गोळ्या आहेत, धान्य नाही.

बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा विचार करा. मुकादमाकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत दांडी मारायची सोय नाही. पहाटे फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायची हाक. केंद्र गावाकडे, राहण्याची कोपी, म्हणजे फडाजवळची झोपडी, दोनशे-तीनशे किलोमीटरवर. काही वर्षांपूर्वीपर्यंतच्या गोळीत इफाव्हिरेन्झ असे. ते झोपताना घ्यायचे, कारण घेतल्यावर गरगरते, आणि तेलकट जेवणावर घेतले तर जास्तच. ज्याला रात्री दोनला उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे आहे, त्याने ती गोळी कशी घ्यावी? २०२० च्या टाळेबंदीत नाकोने एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला परवानगी दिली. ही सोय आधीच व्हायला हवी होती. स्थलांतरितांसाठी ती पूर्ण हंगामापुरती असायला हवी. पण त्या सहा महिन्यांत कोपीवरचे रेशन? बाईचे जेवण, जे सगळ्यांचे झाल्यावर उरलेल्या भाकरी-चटणीचे असते? त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही.

कागदावर योजना आहेतच. दारिद्र्यरेषेखालच्या बाधितांना अंत्योदयाच्या यादीत घ्यावे असा केंद्राचा २००९ चा निर्णय आहे. राज्यात संजय गांधी निराधार योजनेत त्यांचा समावेश आहे. पण तलाठ्यापासून तहसीलपर्यंत प्रत्येक टेबलावर आपला आजार सांगितल्याशिवाय तो लाभ हाती येत नाही, आणि गावात नाव फुटेल या भीतीने असंख्य बायका अर्जच करत नाहीत. २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, गोपनीयतेचे संरक्षण देतो. ते संरक्षण रेशनच्या रांगेपर्यंत पोचवायला हवे.

क्षयाच्या बाबतीत हाच देश पुढे गेला आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून क्षयरुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये जाऊ लागले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी केलेला 'रेशन्स' अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल अशी दहा किलोंची शिधापिशवी रुग्णाला दरमहा दिली आणि काही घरांतल्या इतरांनाही तांदूळ-डाळ दिली. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. फुप्फुसाच्या सांसर्गिक क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. क्षय हाच एचआयव्हीबाधितांचा सर्वांत मोठा मारेकरी. मग जे अन्न क्षय झाल्यावर द्यायचे ते क्षय होऊ नये म्हणून, सर्वांत जास्त धोका असलेल्या या माणसांना आधीच का देऊ नये? या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर नाही. पैशाचे आणि इच्छाशक्तीचे आहे.

आता आजाराने आणखी एक वळण घेतले आहे. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात, त्यांतले सुमारे चार लाख महाराष्ट्रात. एवढी मोठी संख्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाही. २०१० च्या तुलनेत एड्सने होणारे मृत्यू तीन चतुर्थांशांहून अधिक घटले आहेत. २०१७ पासून सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, कितीही असो, निदान होताच उपचार सुरू होतात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, दबलेल्या व्यक्तीकडून जोडीदाराला लागण होत नाही, हे ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांनी पक्के केले त्यांतल्या एकात पुणे आणि चेन्नईची जोडपीही होती. दोन हजारच्या दशकात लागण घेऊन जन्मलेली मुले आज नोकरी करतात, लग्न करतात, त्यांना निरोगी मुले होतात. ज्यांचे चाळिशीत मरण ठरल्यासारखे होते ते साठीत आले आहेत.

नवी गोळी टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. ती दिवसातून एकदा घ्यायची, सोसायला सोपी, गुणकारी. पण डोल्युटेग्राव्हिरवर वजन वाढते, विशेषतः बायकांचे. जोहान्सबर्गच्या अभ्यासात ते २०१९ मध्ये ठळक दिसले. काही रुग्णांत रक्तातली साखरही चढते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की आपली माणसे दिसायला किडकिडीत असली तरी शरीरात चरबी जास्त बाळगतात आणि मधुमेहाला लवकर बळी पडतात. ज्या बाईला वीस वर्षांपूर्वी 'वजन वाढवा' सांगितले तिलाच आज 'साखर-भात कमी करा' सांगायचे आहे, आणि रेशनवर तिला मिळतात ते तांदूळ आणि गहू. शिवाय कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या रिकाम्या पोटी डोल्युटेग्राव्हिरसोबत घेतल्या तर औषध नीट शोषले जात नाही. त्या एकत्र घ्यायच्या तर जेवणाबरोबर. नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला आशाताई लोह-कॅल्शियमच्या गोळ्या देतात. हा एवढासा सल्ला त्यांच्यापर्यंत पोचला नाही तर आईचा व्हायरल लोड वाढेल आणि धोका बाळाला होईल.

इतके सगळे असूनही जिल्ह्या-तालुक्याच्या केंद्रांत आहार हा विषय डॉक्टर आणि काउन्सेलर यांच्या उरलेल्या वेळात बसवलेला आहे. आहारतज्ज्ञाची जागा निवडक मोठ्या केंद्रांपुरती राहिली. नियंत्रण कार्यक्रमाचा पाचवा टप्पा २०२१ ते २०२६ असा आखलेला होता. पुढच्या आखणीत मोठी रक्कम नव्या औषधांवर आणि चाचण्यांवर जाईल, आणि ती जायलाच हवी. २०२२ मध्ये गोळ्यांच्या तुटवड्यामुळे रुग्णांना दिल्लीत नाकोच्या कार्यालयापुढे चाळीसहून अधिक दिवस बसावे लागले, ते पुन्हा कधी घडू नये. पण त्याच आखणीत तीन गोष्टी मागायला हव्यात. प्रत्येक जिल्ह्यात केंद्रासाठी एक आहारतज्ज्ञ, जो ज्वारी, नाचणी, हुलगा, शेंगदाणा यांच्या भाषेत बोलेल. वजनकाट्यावरचा आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला की क्षयरुग्णांना मिळते तशी मदत, वेगळा अर्ज न मागता, केंद्रावरूनच. आणि ऊसतोडीला निघणाऱ्याला हंगामभराच्या गोळ्यांबरोबर फडाजवळच्या रेशन दुकानावर चालणारे कार्ड. 'एक देश, एक रेशनकार्ड'ची यंत्रणा आज देशभर आहे. ती गोळ्यांच्या वाटपाशी जोडायला नवा कायदा लागत नाही, आरोग्य आणि अन्नपुरवठा या दोन खात्यांच्या सचिवांनी एका टेबलावर बसावे लागते.